मैत्रिणीच्या भरल्या घरात ‘बदली’ म्हणून जाताना

मागच्या श्रावणात माझ्या मैत्रिणीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. चार दिवस हॉस्पिटल, मग बारा दिवस माहेरी विश्रांती, आणि पुढे सहा आठवडे जड काही उचलायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. तिचं घर लालबागला, चाळीत. एकाला एक लागून तीन खोल्या, मधली दारं काढून टाकलेली, आणि माणसं अकरा. मी मुलुंडला एकटी राहते, रजा साठलेली होती. ती म्हणाली, “तू येऊन राहिलीस ना, तर मी निवांत भूल घेईन गं.” गेले, सोळा दिवस राहिले.

पहिल्या संध्याकाळी तिचे सासरे, म्हणजे अण्णा, मला म्हणाले, “म्हणजे तू बदली.” अण्णा १९८२च्या संपापर्यंत गिरणीत होते. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांनी बदली कामगार म्हणून काढली. सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरतं काम. “दुसऱ्याच्या साच्याला बदलीवाल्यानं उगाच हात लावला की तो दुसऱ्या दिवशी बरोबर ओळखायचा,” ते म्हणाले. मी हसून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी तीच चूक केली, ती पुढे सांगते.

हो म्हणायच्या आधी

मैत्रीण रडवेली असते, आपण भरात ‘मी आहे ना’ म्हणतो. तेवढं म्हणा, पण त्याच आठवड्यात दोन गोष्टी उरकून घ्या.

पहिली, घरातल्या बाईला विचारा. मैत्रिणीला धाकटी जाऊ आहे. तिची नोकरी, तीन वर्षांचा मुलगा, तिच्याच्यानं सगळं होणार नव्हतं हे उघड होतं. पण ती घरात असताना बाहेरची बोलावली, हे तिला लागणारच. मी तिला दादर स्टेशनबाहेर गाठलं, चहा घेतला आणि सरळ विचारलं, “तुला कुठलं काम स्वतःकडे ठेवायचंय?” ती म्हणाली, देवपूजा आणि रात्रीचा भात-आमटी. मग ते तिचं. सोळा दिवसांत मी देव्हाऱ्याला हात लावला नाही. हे विचारलं नसतं तर तिसऱ्या दिवसापासून भांडी आपटण्याचे आवाज ऐकावे लागले असते.

दुसरी, घोषणा मैत्रिणीच्या नवऱ्यानं करायची, आपण नाही. सगळे जेवायला बसले असताना, सासूसासऱ्यांसमोर, त्यानं सांगायचं: ही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इथे राहणार, हे हे बघणार, आणि पाणी भरणं, बाजार, कचरा आपण पुरुषांनी बघायचं. तारीख बोलली गेली पाहिजे. भावोजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आधी ‘थोडे दिवस’ असं म्हटलं होतं. मी त्यांना कालनिर्णयवर गोल करायला लावला.

एक अख्खा दिवस तिच्या मागे मागे

काय काय करायचं असतं, हे तिला विचारून कळत नाही. तिचं उत्तर ठरलेलं: “काही नाही गं, सगळं आपोआप होतं.” म्हणून ती जायच्या दोन-तीन दिवस आधी एक मुक्काम करा. ती उठते तेव्हा उठा, ती झोपते तेव्हा झोपा, हातात वही ठेवा आणि मधे बोलू नका. मी पहाटे साडेचार ते रात्री अकरा मोजलं. तिनं न सांगितलेली एकवीस कामं निघाली. अण्णांच्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा, चष्मा शोधणं हे दिवसातून तीनदा.

मुंबईत पाणी वॉर्डाप्रमाणे ठरावीक वेळेलाच सुटतं, त्यामुळे चाळीतला दिवस नळावर सुरू होतो. त्या घरी साडेचारला. नळ आधी फुसफुसतो, मग पहिली बादली गढूळ येते. ती मोरीला. नंतर प्यायच्या कळश्या, मग स्वयंपाकाचं पिंप, शेवटी धुण्याचे ड्रम. हा क्रम मी चुकीचा लिहून घेतला असता तर अकरा जणांनी गढूळ पाणी प्यायलं असतं. नळ सामाईक असेल तर आपल्या आधी कोण, नंतर कोण, हेही लिहा. पलीकडच्या खोलीतल्या काकूंची कळशी रांगेत असताना आपण ड्रम लावला, तर भांडण मैत्रिणीच्या नावावर जमा होतं.

माणसांची वही

दोनशे पानी वहीत माणशी एक पान. वर नाव, आणि घरात काय हाक मारतात ते. मी तिच्या सासूबाईंना पहिल्या दिवशी ‘आई’ म्हणाले. घरात सगळे ‘नानी’ म्हणतात. नानी गप्प झाल्या, काहीतरी बिनसलं एवढंच कळलं. तुम्हाला कुणी काय म्हणावं हेही ठरवून टाका. मला सगळे ‘ताई’ म्हणाले, अण्णा सोडून. ते शेवटपर्यंत ‘बदली’च म्हणाले.

पानावर खाणंपिणं, औषधं, जायच्या-यायच्या वेळा, फोन, आणि खाली एक ओळ: याला कशाचा राग येतो. आमच्या वहीतली काही पानं सांगते. आत्या (लग्न केलं नाही): थायरॉइड, चहा दुसऱ्याच्या कपात चालत नाही. भाचा: कोकणातून पोलीस भरतीसाठी आलेला, सोळाशे मीटर धावायचा सराव, पहाटे बाहेर, रोज चार अंडी. आता श्रावणात अंडी! त्यावर मैत्रिणीनं आधीच तोडगा काढून ठेवला होता. वेगळं पातेलं, वेगळा छोटा इलेक्ट्रिक कुकर, गॅलरीच्या टोकाला. हे वहीत नसतं तर पहिल्याच सोमवारी मी अंडी ओट्यावर उकडली असती.

उपासाचं पान वेगळं करा. कोणाचा सोमवार, कोणाचा शनिवार, कोण एकवेळ जेवतं, कोणाला चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. अकरा माणसांत एकाच दिवशी तीन प्रकारचा स्वयंपाक होऊ शकतो. तो पहाटे आठवत बसू नये.

लहान मुलं: तिची मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चौदाचा. मुलीला आई कधी येणार याचं उत्तर ‘लवकर’ असं देऊ नका. तिला तारीख सांगा आणि रोज एक चौकोन खोडू द्या. शाळेच्या व्हॅनवाल्याला आणि वर्गशिक्षिकांना मैत्रिणीनं स्वतः कळवायला हवं की मुलीला घ्यायला कोण येणार. सांगितलं नसेल तर शाळा मूल सोपवत नाही, आणि योग्यच करते.

तिच्या फोनवर अडकलेलं घर

हे मी चुकून शिकले. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिलिंडर आला. दारात माणूस, खांद्यावर साडेचौदा किलोचा सिलिंडर. (नेमकं सांगायचं तर आत गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन वेगळं.) तो म्हणाला, “कोड द्या.” कोड नोंदवलेल्या मोबाईलवर येतो. मोबाईल मैत्रिणीचा, आणि मैत्रीण ऑपरेशन थिएटरमध्ये. त्यानं सिलिंडर परत नेला. तो बिचारा नियमानं वागला. आम्ही मात्र संध्याकाळी शेजारून शेगडी आणली.

तेव्हा आधीच बसून यादी करा, की कुठली गोष्ट तिच्या नंबरवर चालते. गॅस, विजेचं बिल, शाळेचा ग्रुप, नानींच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट, किराणावाल्याची उधारी. जे जमेल ते तिच्या नवऱ्याच्या नंबरवर वळवा. वळत नसेल तर तिचा फोन त्या दिवशी कोणाच्या हातात असेल ते ठरवा. तिचे पिन आणि पासवर्ड मात्र घेऊ नका, ती देत असली तरी. पैशांचा घोळ झाला तर मैत्रीही जाते.

पैशांसाठी माझा उपाय जुन्या पद्धतीचा होता. भावोजींनी दर रविवारी एका पाकिटात रोख द्यायची, त्यातूनच खर्च. दूध, भाजी, इस्त्री, रिक्षा, जे असेल ते त्याच दिवशी पाकिटावर लिहायचं. खिशातले घालू नका. घातलेच तर तेही लिहा. ‘असू दे गं’ म्हटलं की ते पैसे कायम अवघडलेले राहतात. भांडीवाल्या मावशींचा पगार, सुट्टी, उचल यात बिलकुल पडायचं नाही. माझ्याकडून त्यांनी पाचशे उचल मागितली, मी भावोजींकडे बोट दाखवलं. नंतर कळलं, आधीची उचल अजून फिटलेली नव्हती.

औषधं

इथे घाई नको. घरातल्या प्रत्येकाची औषधं एका टेबलावर ओता आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांशी ताडून बघा. जुन्या, बंद केलेल्या गोळ्या हमखास सापडतात. त्या वेगळ्या पिशवीत बांधून मैत्रिणीला दाखवा. मनानं फेकू नका, मनानं देऊ तर अजिबात नका. मग आठवड्याचे कप्पे असलेला डबा भरा, आणि भिंतीवर तक्ता लावा. तक्त्यावर खूण गोळी हातात दिल्यावर नाही, गिळल्यावर करायची. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात मला चौथ्या दिवशी रक्तदाबाच्या तीन गोळ्या सापडल्या.

थायरॉइडची गोळी उपाशी पोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. आत्या दोन्ही एकदम चहासोबत घ्यायच्या, कारण ‘सोपं पडतं’. मी वाद घातला नाही. मैत्रिणीला फोन करून विचारलं, तिनं आत्याला फोनवर सांगितलं. माझं ऐकलं नसतं, तिचं ऐकलं.

आता नानी. त्या दोन वेळा इन्सुलिन घेतात आणि श्रावणी सोमवार गेली चाळीस वर्षं करतात. अशा माणसाचा उपास असेल तर श्रावण लागायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून आणा: उपासाच्या दिवशी डोस किती, काय खायचं, साखर कधी तपासायची. आमच्याकडे ते पान होतं. त्यात दुपारी दोनला राजगिऱ्याचा लाडू आणि ताक लिहिलं होतं. दुसऱ्या सोमवारी नानींनी ते खाल्लं नाही, मला सांगितलंही नाही. चारच्या सुमारास त्या भाजी निवडत होत्या. बघितलं तर मेथीची पानं टाकून देत होत्या आणि देठं टोपलीत ठेवत होत्या. मी म्हटलं, “नानी, काय करताय?” त्यांनी नुसतं बघितलं. कपाळावर घाम. यंत्रावर साखर ५८.

७०च्या खाली साखर गेली की लगेच साखर द्यायची, उपास-बिपास बघायचा नाही. साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे अर्ध्या पेल्या पाण्यात तीन चहाचे चमचे साखर. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, परत तपासायचं. अजून कमी असेल तर तेच परत. आमची पंधरा मिनिटांनी ८१ आली. मग खायला दिलं, कारण नुसत्या साखरेवर ती टिकत नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, १०८ लावायचा. त्या रात्री नानी जावेला म्हणाल्या, “हिनं माझा उपास मोडला.” म्हणू देत. डॉक्टरांना मात्र दुसऱ्या दिवशी कळवलं, आणि पुढच्या सोमवारी लाडू मी समोर बसून खायला लावला.

इन्सुलिनची न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये ठेवतात, बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नाही. एकदा गोठलं की ते वाया. वापरातलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते खोक्यावर बघा आणि उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा.

स्वयंपाकघरात हात आवरा

तिसऱ्या दिवसाची चूक ती हीच. दुपारी घर शांत होतं, मला मांडणीवरचे डबे बघवेनात. साखर एका टोकाला, चहापूड दुसऱ्या, मधे हिंग, सोडा, रांगोळी. मी सगळं उतरवलं, पुसलं, चहाचं एका ठिकाणी, मसाले एका ठिकाणी, चिठ्ठ्याही लावल्या. साडेतीनला नानी उठल्या, नेहमीसारखा स्वतःचा चहा ठेवला आणि दुधात मीठ टाकलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्या डबे बघून घेत नाहीत, हातानं मोजून घेतात. खालची फळी, डावीकडून तिसरा. त्या विचित्र मांडणीत त्यांना स्वतःचा चहा करता येत होता, तो मी काढून घेतला. फोनमध्ये आदल्या दिवसाचा एक फोटो निघाला, त्यावरून रात्री सगळं परत लावलं.

तेव्हा पहिल्या दिवशी फोटो काढा, मांडणीचे, फ्रिजचे, चपलांच्या रॅकचेही, आणि काही सुधारू नका. पोळ्या ती चौकोनी घडीच्या करत असेल तर तुम्हीही तशाच करा. डब्यांसाठी सकाळी किती लागतात ते मोजून घ्या (आमच्या चौतीस). सांबार, पास्ता, तुमची ती खास बिर्याणी, काही नको. मुलं खूश होतील आणि मैत्रीण घरी आल्यावर “ताई असं करायची” हे वर्षभर ऐकेल. मी एकदा पावभाजी केली. चौदा वर्षांच्या पोराने आईला फोनवर सांगितलं, तुझ्यापेक्षा भारी. ती हसली, पण मला कळलं.

भांडणं

मोठ्या घरात एकजण टपालपेटी असतो. नानींना जावेशी बोलायचं नसतं, त्या मैत्रिणीला सांगतात. जाऊ मैत्रिणीला उत्तर देते. मैत्रीण दोन्हीकडचे काटे काढून पुढे पोचवते. ती गेली की सगळं टपाल तुमच्याकडे येतं. काटे कसे काढायचे हे तुम्हाला माहीत नसतं, म्हणून पोचवायचंच नाही. माझी तीन वाक्यं ठरलेली होती: “हो का?”, “ती आली की तिला सांगा”, आणि “मी जरा कुकर बघते.” यातलं तिसरं सगळ्यात कामाचं.

कुणी विचारलं, “तूच सांग, चूक कोणाची?” तर मत द्यायचं नाही. तुम्हाला मत असेल, माझंही होतं. ते मुलुंडला परत घेऊन जायचं.

मैत्रिणीला रोज एकच फोन, ठरलेल्या वेळी. आम्ही संध्याकाळी सहा ठेवला होता. तिला तब्येत, मुलांची शाळा आणि पैसे एवढंच कळवायचं. दिरानं नवीन फ्रिज हप्त्यांवर घेतल्याचं मी तिला सांगितलं नाही. टाके निघेपर्यंत फ्रिज कुठे जात नव्हता.

पाऊस, आगमन, आणि हाताशी असायचे नंबर

दारामागे मोठ्या अक्षरात लिहून लावा: १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस आणि कुठलीही आणीबाणी, १९१६ महापालिकेचा आपत्ती कक्ष, १९०६ गॅसगळती. त्याखाली घरचे डॉक्टर, आणि चाळीतले दोन धडधाकट शेजारी, जे रात्री दोनला माणूस जिन्यावरून उचलून खाली नेतील.

लालबाग-परळला केईएम जवळ, एरवी दहा मिनिटं. पण गणपतीआधीच्या शनिवार-रविवारी मोठ्या मूर्तींचं आगमन असतं, त्या संध्याकाळी चिंचपोकळीच्या बाजूला टॅक्सी सरकत नाही. आगमनाच्या तारखा बघून ठेवा आणि तपासणी-बिपासणी त्या दिवशी ठेवू नका.

पावसाचं एक पान मैत्रिणीच्या वहीत आधीपासूनच होतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भावोजी तेव्हा अंधेरीत अडकले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. लग्न होऊन आल्यावर तिनं हे ऐकलं आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवलं, की लोकल बंद पडली तर हा रात्री कुठे थांबेल. दीर घाटकोपरला मावशीकडे, जाऊ ऑफिसातच, भाचा शिवाजी पार्कच्या मित्राकडे. मी राहिले त्यात एक दिवस पाणी तुंबलं. एकेकाला फोन करून विचारत बसावं लागलं नाही, वही उघडली.

स्वतःचं

चटकन सांगते. आठवड्यातून एक रात्र आपल्या घरी झोपा, आणि ते पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. तुमच्या गोळ्या, तुमची उशी सोबत न्या. सार्वजनिक संडासाची सवय नसेल तर सकाळी पाचच्या आत उरका, सहानंतर रांग लागते.

परत देणं

ती आली त्याच दिवशी बॅग उचलू नका. तसं केलं तर संध्याकाळी ती पिंप उचलताना दिसेल. दोन-तीन दिवस दोघींनी एकत्र राहा आणि कामं बसल्या जागच्यापासून परत द्या: आधी हिशेबाचं पाकीट, मग औषधांचा डबा, भाजी निवडणं, मुलीच्या वेण्या. पाणी, ड्रम, सिलिंडर, गाद्या, तीन वर्षांच्या पोराला कडेवर घेणं, हे सहा आठवडे तिच्याकडे जाणार नाही. कोण करणार ते नावानिशी फ्रिजवर लावा, नवऱ्याच्या अक्षरात. आमच्याकडे ड्रम भाच्याला मिळाले. व्यायाम होतो म्हणाला.

फुटलं, हरवलं, बिघडलं त्याची यादी स्वतःहून द्या. माझी: एक काचेचा बाऊल, मिक्सरच्या छोट्या भांड्याचं झाकण, आणि इस्त्रीवाल्याकडे गेलेला एक सदरा, जो अजून आलेला नाही.

ती रिक्षातून उतरली, भावोजींचा हात धरून दोन जिने चढली, आत आली आणि बसायच्या आधी मांडणीपाशी गेली. खालच्या फळीवरून हात फिरवला. डावीकडून तिसरा डबा उचलला, बोटभर डावीकडे सरकवला.

“हलवला होतास?” तिनं विचारलं.

अण्णा खुर्चीतून हसले.